काठ्या खाली ठेव

अटलांटिकवरचे एखादे चक्रीवादळ अमेरिकेचा किनारा सोडून उत्तरेला वळले, की जपानातल्या आमच्या सेंदाईच्या हवामान प्रयोगशाळेतले बाकीचे त्याचा नाद सोडत. आमचे सर, माझ्यासारखेच मराठी, मात्र खुर्ची पुढे ओढत आणि म्हणत, "आता खरं बघायचं."

गरम समुद्रावर पोसलेले वादळ थंड पाण्यावर गेले की मरते, अशी माझीही समजूत होती. सर म्हणत, "मरत नाही गं, त्याचं खाणं बदलतं." उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा एकमेकींना भिडतात, त्यावर ते पुन्हा बाळसे धरते आणि कधी कधी थेट नॉर्वे गाठते. "मधला जोर कमी होतो, घेर वाढतो," असे म्हणून ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवत.

नॉर्वेत, बर्गनला, त्यांची एकुलती लेक होती. सेंदाईतच वाढलेली. तिची आई गेल्यापासून बापलेकीत बोलण्यासारखे फारसे उरले नव्हते आणि ते सरांना फार लागे. वादळ तिकडे निघाले, की त्यांना फोन करायला निमित्त मिळे.

"बाल्कनीतल्या काठ्या खाली ठेव," ते बजावत. तुम्ही जपानात राहत असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, टायफून येणार म्हटले की कपडे वाळत घालायच्या काठ्या आपण सगळेच काढून जमिनीवर ठेवतो. लेक जपानीत "दाइजोबु", म्हणजे काळजी नको, एवढेच म्हणे. बर्गनच्या तिच्या घराला बाल्कनीच नव्हती. एकदा सेंदाईला आली तेव्हा तिने हे मला सांगितले. वडिलांना कधीच नाही.

एका वर्षी एकही वादळ तिकडे फिरकले नाही. सर रोज नकाशे उघडत आणि मिटत.

"सर, असाच करा ना फोन," मी म्हटले.

"काय बोलू? हवा छान आहे, म्हणून?"

मग एका दुपारी त्यांचाच फोन वाजला. कानाने कमी ऐकू येई म्हणून ते स्पीकर लावत.

"बाबा, या वर्षी वादळ नाही?" लेक चक्क मराठीत बोलत होती.

"नाही गं."

"मग फोन पण नाही?"

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

निवृत्त झाल्यावर ते तिच्याकडेच राहायला गेले. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. परवा आमच्याकडे टायफून येणार होता, तर संध्याकाळी बर्गनहून फोन आला. "काठ्या खाली ठेवल्यास का?"

मी सकाळीच ठेवल्या होत्या.

"नाही हो सर, विसरलेच," मी म्हटले.