कमलला रडू देणाऱ्या तावडेबाई

रेवा आणि निखिल, हे दोघांसाठी आहे, पण आधी रेवाने वाचावं. तुला सहावा महिना चालू आहे आणि फोनवर दर वेळी तू "मी मजेत, आजी" एवढंच म्हणतेस. म्हणून तावडेबाईंविषयी आताच लिहायला हवं.

त्या लालबागला आमच्या चाळीजवळच्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. मालवणकडच्या, उंच, मोठ्या हातांच्या. तपासायला आलेली बाई आडवी होऊ लागली की तिला पुन्हा उठवून बसवत. "पोट मगे. आधी तोंड बघूंदे तुझा." झोप लागते का, घरात कोण बोलतं, कोण बोलत नाही, हे विचारत आणि उत्तर पटेपर्यंत हात लावत नसत. बाहेरची रांग कुरकुरली, तर घाई असेल त्यांनी घरीच बाळंत व्हावं, असं दारातून सुनावत.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबारात माझे धाकटे दीर वसंता गेले. त्यांची बायको कमल सात महिन्यांची गरोदर होती, तेव्हा दादरला माहेरी. गरोदर बाईला धक्का बसला तर तो बाळाला लागतो, म्हणून सासूबाईंनी आणि तिच्या माहेरच्यांनी तिला न सांगायचं ठरवलं. तेराव्यानंतर तिला घरी आणलं आणि वसंता तुरुंगात आहे असं सांगितलं. सगळी चाळ त्यात सामील झाली. मी शिकलेली, वसंतांसारखं अक्षर काढता येणारी; त्यांच्या नावाने तीन पत्रं मी लिहिली. सासूबाई रोज सकाळी तिला कुंकू लावायला सांगत आणि मग बराच वेळ मोरीत तोंड धूत बसत.

कमल पत्रं वाचून हसायची. जेवण मात्र तुटलं, झोप गेली. मी तिला तावडेबाईंकडे नेलं. बऱ्याच वेळाने त्या एकट्याच बाहेर आल्या आणि पत्रं कोणी लिहिली, असं त्यांनी विचारलं. मी, म्हणाले.

"तारीख घातलंस. तो कधी घाली नाय. पयल्या पत्रापासून तिका ठावक आसा. तुमी मोडशात म्हणून ती हसता."

बाळाची वाढ थांबली होती. कशाने, ते त्यांनाही सांगता येईना. संध्याकाळी त्या स्वतः घरी आल्या. रडली तर बाळाचं काय होईल, असं सासूबाई म्हणाल्या.

"अजून ती रडूक नाय, तरी बाळाचां काय झालां ता माझ्या हाताक लागलां, आजी."

त्या रात्री आम्ही तिला खरं सांगितलं आणि कमल दोन दिवस रडली. तावडेबाई ड्यूटी संपली की येऊन तिच्याजवळ नुसत्या बसत.

मुलगी आठव्या महिन्यात झाली, दोन ओंजळींत मावेल एवढी. अकराव्या दिवशी गेली, बारशाच्या आदल्या दिवशी. माझ्या पत्रांमुळे का, असं मी तावडेबाईंना विचारलं. त्यांनी समजूत घातली नाही. "ता कोणाकच सांगूक येवचा नाय. पुढच्या बाईक मात्र खरां विचार."

त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कमल आहे, दादरला राहते. ती मुलगी कशी दिसत होती, हे आता आम्हा दोघींनाच आठवतं.