ब्लाझेनाताईची जागा

आमच्या गावच्या ख्रिस्ती मठात सैनिक राहत होते तेव्हा माझी ताई ब्लाझेना त्यांच्या चादरी धुवायची. पुढे सैनिक गेले, सरकारने हुसकावलेले फादर लोक परतले, मग ती त्यांचे पांढरे झगे धुवू लागली. मळ दोघांचा सारखाच, असं ती म्हणते.

ताई तोंडाची फटकळ, पण व्यवहाराला सरळ. लबाडी करायची ती फक्त अळंब्यांच्या बाबतीत. आमच्या गावात माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, पण अळंब्यांची जागा सांगणार नाही. ताईची जागा मूळची तिच्या नवऱ्याची. अलोइसने ती शेवटच्या आजारात तिच्या कानात सांगितली आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. मी सख्खी बहीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. मी विचारलं की म्हणायची, "कुठे म्हणजे? जंगलात!" मला फार लागायचं ते.

मग मठाचं जंगल मठाला परत मिळालं आणि गळक्या छपराच्या खर्चासाठी झाडं तोडायची ठरली. बुंध्यांवर तांबड्या फुल्या पडल्या. ताईची अन्नावरची वासना उडाली. गप्प बसावं तर झाडांबरोबर जागा जाते, सांगावं तर शपथ मोडते.

शनिवारी ही बाई, झगे धुण्यापलीकडे देवाशी संबंध न ठेवणारी, चक्क पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये गेली. मी अंगणात बाकावर बसून होते. थोड्याच वेळात ती लालबुंद होऊन बाहेर आली. मागून मठाचे प्रमुख फादर नॉर्बर्ट, हसू दाबत.

"काय झालं गं?"

"कबुलीतलं बाहेर फुटत नाही, म्हणून तिथे सांगितलं. तर हे म्हणतात, आता काही करताच येणार नाही!"

"नाहीच येत, ब्लाझेनाबाई," फादर म्हणाले. "तिथे ऐकलेलं मला वापरता येत नाही. मग तोड थांबवू कशी? इथे उघड्यावर सांगा."

"हिच्यासमोर?"

"मी जाते बाई," म्हणत मी उठले. जायचं मुळीच मनात नव्हतं.

ताईने माझी बाही ओढली.

"बस खाली," ती मला म्हणाली. मग हळूच, "अलोइस, माफ कर रे." आणि एकदम मोठ्याने, "जुन्या दगडखाणीच्या मागे, ओढ्याच्या वळणावरची बीचची झाडं! झालं समाधान?"

आणि ती रडायला लागली. अलोइसच्या अंत्यविधीलाही रडली नव्हती.

बीचची झाडं वाचली. फादरांनी स्वतः जाऊन फुल्या पुसल्या. मी त्या बाजूला फिरकले नाही. गावात यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण खरंच नाही.

सप्टेंबरात पाऊस पडून गेला आणि सकाळी माझ्या दारावर थाप पडली. ताई उभी होती, हातात दोन टोपल्या.

"चल, आवर," ती म्हणाली. "आणि वाटेत कुणी विचारलं, तर अलोइसच्या कबरीवर फुलं वाहायला चाललोय म्हणायचं."