हार त्यांना, खण-नारळ मला
बडनेऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा झेंडूचा हार घेऊन चौघे फलाटावर उभे होते. हार अर्थातच यांच्या गळ्यात पडला. चंद्रावर जाणाऱ्या बाईची गोष्ट मासिकात दरमहा येत होती ती माझ्या यजमानांच्या नावाने. लिहीत होते मी. बाईच्या नावाची विज्ञानकथा कोण वाचणार, असे संपादक म्हणाले, म्हणून पहिल्या कथेवर यांचे नाव घातले आणि ते तिथेच चिकटले.

अमरावतीचे व्याख्यान रंगले. माझीच वाक्ये हे मान तिरकी करून म्हणत आणि टाळ्या पडत. मला आतल्या खोलीत नेऊन खणा-नारळाने ओटी भरली. जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी होती. तुपाची वाटी आधी लेखकाकडे गेली. माझा नुसता जळफळाट झाला. डोळ्यांत पाणी आले ते भाजीच्या तिखटाने, असे यजमानीणबाईंना वाटले.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे टायर बसले. दोन्ही बाजूंना काळे रान, त्यात वेचणीला आलेला कापूस. सोबतच्या कार्यकर्त्याने यांच्या डोक्यावर छत्री धरली. मी उन्हातच उभी होते.

अकोल्याच्या सभेत वच्छलाबाई नावाच्या शिक्षिका तान्हे मूल खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

"सायब, यानात रेडिओवर लेकराचं रडनं आयकून त्या बाईले पान्हा फुटते. हे तुमाले कसं काय ठाऊक?"

हे हसून म्हणाले, "आमच्या मंडळींनी सांगितलं."

"मंग पुढचं त्याइलेच इचारू द्या. ते बाई वापस येते का नाही?"

यांनी माझ्याकडे पाहिले. शेवट यांनाही ठाऊक नव्हता. सगळी सभा वळली.

"येते," मी उठून म्हणाले. "लेकराला घेऊन पुन्हा जायला."

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तरी मला वच्छलाबाईंचा हेवाच वाटला. मला इतक्या वर्षांत यांना चारचौघांत जे विचारता आले नाही, ते त्यांनी मूल थोपटत विचारले होते.

परतीच्या गाडीत हे भुसावळ गेल्यावर म्हणाले, "शेवटच्या प्रकरणावर दोघांचीही नावं घालू."

एरवी मी विरघळले असते. पण आता मला यांच्या त्या अर्ध्या वाट्याचाही मत्सर वाटला.

"नको," मी म्हणाले. "माझं एकटीचंच घालू. तुम्ही तुमची गोष्ट लिहा."