पाचवा हात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, ज्यांच्यासोबत इतकी वर्षं नोकरी केली त्या बाईंनाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे, आणि नीट सांगणार आहे. मला नीट बोलता येतं — तीच तर माझी ओळख. साकोलीकडच्या गावांत कोणालाही विचारा, मॅडम म्हणजे तोंडावर बोलणाऱ्या. दारू पिऊन शाळेत आलेल्या पालकाला मी फाटकाबाहेर काढलं आहे. पोरीची शाळा सोडवणाऱ्या बापाशी भर बाजारात भांडले आहे. भिणं माझ्या स्वभावात नाही, असंच मी मानत आले.

मग त्या दिवशी काय झालं?

एकोडीच्या पुढे, तलावाकाठच्या एका लहानशा गावात मी तेव्हा शिकवत होते. शाळेत खिचडी शिजवायची पारबता. तिचा नवरा तलावात जाळं टाकायचा आणि मुलगी माझ्याच चौथीच्या वर्गात होती. खिचडी मुलांच्या आधी शिक्षकाने चाखायची असा नियम. ते काम माझं. पण पारबताच्या हाताला अशी चव होती, की मी चमचाभर नाही, वाटीभर खायचे.

त्या दिवशीही खाल्ली.

जेवण झालं न झालं तोच चौथीची नऊ पोरं ओकायला लागली. पोट धरून बसली, चेहरे पांढरे पडले. मिळेल त्या गाडीत घालून आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. संध्याकाळपर्यंत सगळी बरी होऊन घरी आली, पण तोवर गावात एकच गोष्ट फिरली होती — खिचडीत काहीतरी होतं. कोणीतरी म्हणालं, पाल पडली असेल. अंधार पडायच्या आत ती पाल अर्ध्या गावाने पाहिलेली होती! बाकीच्या वर्गांनीही तीच खिचडी खाल्ली, त्यांना काही झालं नाही — हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, 'तिची पोरगी काहून नाही ओकली?'

आता ऐका. मला कारण माहीत होतं.

लहान सुट्टीत तीच नऊ पोरं कुंपणापाशी बसून मोगली एरंडाच्या काळ्या बिया फोडून खात होती. शेंगदाण्यासारखी लागते ती बी, आणि थोड्या वेळाने पोटातलं सगळं बाहेर काढते. त्या सुट्टीत लक्ष ठेवायची पाळी माझी होती. मी व्हरांड्यातूनच ओरडले, 'थुंका रे ते!' — आणि पुन्हा मोबाइलवर हजेरी भरत बसले. कुंपण पंधरा पावलांवर होतं. उठले नाही. डॉक्टरांनी मुलांना विचारलं, दुसरं काही खाल्लं का? माराच्या भीतीने ती गप्प राहिली. आणि मी? — मीही गप्प राहिले. पोरं सलाइनवर असताना मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. मला पुढे खुर्ची दिली होती, गाव सगळं माझ्या पाठीमागे बसलेलं. पारबता आमच्या समोर उभी, पदर घट्ट ओढून. तिने बाकी कोणाकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, 'मॅडम, तुमीनं तर वाटीभर खाल्ली ना? सांगा ना यायले.'

एका वाक्याचं काम होतं — पोरांनी एरंडाच्या बिया खाल्ल्या होत्या. पण ते वाक्य बोलले, तर पुढचा प्रश्न माझ्यावर येणार होता — तुमी काय करून राहिल्या होत्या मॅडम? आणि मागे ती सगळी माणसं. त्यांची कुजबुज मला मानेवर जाणवत होती. त्यांना काय ऐकायचं आहे, ते मला न वळताही कळत होतं.

मी म्हणाले, 'मी जराशीच चाखली होती.'

सरपंचांनी सांगितलं, बाईला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मागे बांगड्या वाजल्या, माणसं हलली. सगळ्यांचे हात वर गेले असं समजून मीही हात वर केला.

पारबताचं काम गेलं. मुलीला पोरं खिचडीवरून चिडवायला लागली, तेव्हा तिने लेकीला अड्याळला मामाकडे ठेवलं. मी मात्र स्वतःला सांगत राहिले — एवढ्या हातांत माझा एक. तो नसता तर काय फरक पडला असता?

गेल्या वर्षी साकोलीच्या बाजारात तिनेच मला हाक मारली. मासे घेऊन बसली होती. राग नाही, रुसवा नाही. लेक नर्सिंग शिकते म्हणाली. माझ्यासाठी चांगली मासोळी निवडत निवडत मग ती सहज बोलली, जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगत होती.

'त्या दिवशी पयले चारच हात होते, मॅडम. मी समोर उभी होती, मले दिसत होतं. बाकीचे तुमच्याकडं पाहून राहिले होते. तुमचा गेला, मंग सगळ्यायचा गेला.'

मी पिशवी उघडून तिच्यापुढे धरली.

'मले बी तवाच पटलं,' ती म्हणाली, 'का माझ्याच हातून काही चुकलं असन. मॅडम कायले उगाच हात वर करतीन? लेकरायचा जीव गेला असता माझ्यापायी. तवापासून मी घरी बी तांदूळ दोनदा निवडते.'

दोन गिऱ्हाइकं बाजूला उभी होती. ओळखीची होती. मी म्हणाले, 'होतं कधी कधी असं, पारबता.' आणि मासोळीची पिशवी घेऊन बसस्टँडकडे चालू लागले.