लिफ्टमामांची बैठक

बसण्याइतकी बदनामी मराठीत दुसऱ्या कुठल्या क्रियापदाच्या वाट्याला आली नसेल. धंदा बसतो, घसा बसतो, मार बसतो, भुर्दंड बसतो. आणि ज्याला काहीच जमत नाही तो नुसताच बसतो. लिफ्टमामांनी मात्र याच एका क्रियापदावर अख्खा संसार चालवला. कचेऱ्यांच्या एका उंच इमारतीत, लिफ्टच्या कोपऱ्यातल्या गोल स्टुलावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. दिवसातून कितीतरी वेळा ते बसल्या जागी वर जाऊन खाली येत. त्याला कुणी प्रवास म्हणत नसे, आणि बढती तर नाहीच नाही.

पुढे इमारतीला नवी लिफ्ट आली. तिला दांड्याऐवजी बटणं होती आणि आत कुठेतरी एक बाई लपलेली होती, ती मजल्याचा आकडा गोड आवाजात सांगायची. मामा एकदा मुद्दाम तिच्यातून जाऊन आले. बाई आकडे बरोबर सांगते, पण चौथ्या मजल्यावरच्या साहेबांच्या गुडघ्याची चौकशी करत नाही, एवढा एक दोष त्यांनी काढला आणि घरी येऊन बसले.

घरी बसणं सोपं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात मामींचं शिवणकाम. मामी म्हणजे त्यांची बायको. अख्ख्या गल्लीचे शाळेचे गणवेश त्या शिवत. खिडकीशी मशीन, पलंगावर कापलेलं कापड, खुर्चीवर काजं-बटणं व्हायची राहिलेली थप्पी. मामा जिथे टेकत तिथे खाली काहीतरी असायचंच. "अहो, उठा, तुमच्याखाली बाही आहे," हे वाक्य त्या दिवसभर म्हणत. मामा उठत आणि दुसऱ्या बाहीवर बसत. मामी वाईट नव्हत्या, पण ज्या बाईचे हातपाय दोन्ही मशीनवर चालतात, तिला बसलेला माणूस बघवत नाही. एकदा त्या म्हणाल्या, की कुत्रंसुद्धा बसण्याआधी शेपटीनं जागा झाडतं. मामांनी ते मनाला लावून घेतलं.

अशात कलामंडळाचं बोलावणं आलं. हे मंडळ नळाच्या सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी भरायचं. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर, आणि चिटणीस होत्या निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. बाकी दहाएक सभासद. त्यांना रविवारी घरात कुणी फारसं विचारत नसावं, असा माझा अंदाज आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे हे भिंतीला चित्रं लावत. वर्षभर त्यांनी प्लास्टिकच्या फुलांची एकच फुलदाणी काढली होती. मग फळ्यावर बातमी झळकली : 'मंडळ आता जिवंत माणसाकडे वळत आहे.' पहिला जिवंत माणूस घोरायला लागला, दुसऱ्याला सारखी शिंक यायची. तेव्हा गणिताच्या बाईंना लिफ्टमामा आठवले. बाईंची पेन्शनची कचेरी मामांच्याच इमारतीत होती.

मामा गेले, खुर्चीवर बसले, आणि हॉलमधल्या पेन्सिली थांबल्या. असं बसणं कुणी पाहिलंच नव्हतं. माशी नाकावर आली तरी माणूस हलला नाही; शेवटी माशीच ओशाळून उडाली. डॉक्टरांनी जागेवरच मामांना कायम केलं. त्या दिवशी मामा घरी आले ते ताठ मानेनं, आणि मामींना म्हणाले, "मी आता दर रविवारी बसणार."

हे वाक्य नेमकं चहाला आलेल्या मेहुण्यानं ऐकलं. आता पुरुषमाणूस दर रविवारी चार जणांत 'बसतो' म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मेहुण्यानं मामांना जिन्यात गाठलं आणि या वयात हे शोभतं का, लिव्हरचं काही भान आहे का, असं बरंच काही ऐकवलं. मामा म्हणाले, की अहो, तिथे डॉक्टरही असतात. मेहुणा जरा विचारात पडला. मग आवाज खाली घेऊन त्यानं विचारलं, आणखी एकाची सोय होईल का? तो एका रविवारी गेलाही. दोन तास मामांकडे बघत बसला आणि कोरडाच परतला. त्यानंतर मामांविषयी तो घरात फार हळहळून बोलायचा.

मामांना एकच हवं होतं. मामींनी एकदा, फक्त एकदा, हॉलवर येऊन त्यांना बसलेलं बघावं. इथे त्यांच्या बसण्याकडे माणसं डोळे बारीक करून, पेन्सिल हातभर लांब धरून बघत होती, आणि ज्या बाईनं बघायला हवं तिला ते दिसतच नव्हतं. त्यांनी आडून सुचवलं, सरळ सांगितलं, एकदा रुसूनही पाहिलं. मामी दातात दोरा धरून म्हणाल्या, "तुम्हाला बसलेलं बघायला मी जिना चढून येऊ? घरी काय कमी बघितलंय?"

 मामा रविवारी जात आणि आणखी ताठ बसत.

आता मंडळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉक्टर पहिल्या रांगेत मधोमध बसत, आणि त्यांचा चित्राचा बोर्ड एवढा मोठा, की मागच्यांना मामांचं तोंड दिसेना. अध्यक्षांना 'जरा सरका' कोण म्हणणार? अर्ध्याअधिक सभासदांचे दात त्यांच्या हातात होते. तेव्हा मागचे सगळे, जे समोर दिसतंय ते काढू लागले, आणि तोंडाच्या जागी दिसत होतं डॉक्टरांचं चित्र. डॉक्टर स्वतः मामांकडे फारसे बघत नसत. चेहरा कसा असायला हवा हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. त्यांनी मामांना भरगच्च दंतपंक्ती दिली, ती दिसावी म्हणून हसू दिलं, आणि वरचा ओठ ओका दिसतो म्हणून झुपकेदार मिशी दिली. मामांना मिशी नव्हती. हसण्याचं म्हणाल तर लिफ्टमध्ये हसणारा माणूस लोकांना आवडत नाही, म्हणून त्यांनी ती सवय तरुणपणीच सोडली होती. पण मामांनी कधी चित्रं पाहिलीच नाहीत. बसणाऱ्यानं दुसऱ्याच्या हातातलं बघायचं नसतं, असा त्यांचा लिफ्टपासूनचा नेम होता.

मग प्रदर्शन ठरलं. फळ्यावर बातमी लागली : 'सर्व चित्रे एकाच व्यक्तीची. सर्वांत हुबेहूब चित्रास बक्षीस. व्यक्ती प्रत्यक्ष उपस्थित राहील.' परीक्षक म्हणून बोलावले रंगाचे दुकानदार. घरांना लावायचा रंग ते विकत, पण रंग तो रंग, असं मंडळाचं मत पडलं. मामांनी मामींना शेवटचं विचारलं. मामी म्हणाल्या, शाळा उघडायला आल्यात, मान वर करायला फुरसत नाही. मामा एकटेच गेले.

हॉलच्या भिंतीवर दहा-अकरा चित्रं ओळीनं, आणि मधे खुर्चीवर मामा. दुकानदार हनुवटीला हात लावून सगळी चित्रं बघत फिरले, मग मामांपाशी येऊन थांबले आणि बाईंना विचारलं, हे कोण? बाई म्हणाल्या, हेच ते, चित्रातले. दुकानदारांनी चित्राकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. लोक जमले. आजवर कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली.

शरमेनं खाली माना घालायला हव्या होत्या त्या मंडळींनी. पण दुकानदार व्यवहारी माणूस. ते म्हणाले, की चित्रं सगळी एकमेकांसारखी आहेत. माणसं चुकली असती तर प्रत्येकानं वेगळी चूक केली असती. एवढे सगळे मिळून एकच चूक कशी करतील? पाचामुखी परमेश्वर. तेव्हा चित्रं बरोबर आहेत, आणि घोटाळा झालाच असेल तर तो खुर्चीत आहे. हॉलला हे एकदम पटलं. एकानं मामांना अलीकडे आजारी होता का म्हणून विचारलं. डॉक्टरांनी जरा हसून दाखवायला सांगितलं. मामांनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला, तर पुढचे दोन दात नाहीत. डॉक्टरांना धक्काच बसला. दोन वर्षं हा माणूस त्यांच्यापासून चार हातांवर होता. ते म्हणाले, उद्या दवाखान्यात या, बसवून देतो. म्हणजे निम्मा फरक तिथेच मिटेल.

तेवढ्यात जिन्यावरून एक गृहस्थ वर आले. खालच्या दुकानात ते गळका नळ घेऊन आले होते, आणि वॉशर सापडेपर्यंत वर पंखा आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दारात उभे राहून ते हसले. ती मिशी, ते दात. हॉलमधून 'आ' असा एकच आवाज निघाला, आणि मग टाळ्या. नळवाले गृहस्थ परोपरीनं सांगत होते, की मी वॉशरसाठी आलोय. पण बाईंनी त्यांचा हात धरलाच होता. डॉक्टर मामांच्या कानाशी वाकले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "मामा, जरा उठता का?"

घरी दिवसातून दहादा ऐकलेलं वाक्य. पण इथे खाली बाही नव्हती. उठलेल्या लिफ्टमामांना जगात काही किंमत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते भिंतीला टेकून उभे राहिले. आयत्या बिळावर नागोबा तसे नळवाले खुर्चीवर विराजमान झाले, मांडीवर नळ घेऊन. कुणीतरी मामांकडे बघून 'तोतया' म्हणालंसुद्धा.

आणि याच वेळी मामी आल्या. का आल्या, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण मी सांगतो. दुपारी बाही हवी म्हणून त्या खुर्चीकडे वळल्या, तर बाही तिथेच होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. पलंगावरच्या कापडावरही नाही. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि त्यांनी पायात चपला घातल्या.

मामा त्यांना बघून भिंतीत शिरायला बघत होते. दोन वर्षं जिला बोलावलं ती आली, ती नेमकी उठवल्यावर. लोकांनी मामींना घेरलं. डॉक्टर म्हणाले, की आता तुम्हीच सांगा, या चित्रांत तुमचे यजमान आहेत का?

 मामी पहिल्या चित्रापासून निघाल्या. प्रत्येकापुढे थांबल्या, कपडा तपासावा तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुढे गेल्या. खुर्चीतल्या नळवाल्यांकडे एकदा पाहिलं. ते बिचारे एक पाय हलवत होते आणि मान खाजवत होते. सगळं बघून झाल्यावर त्या मामांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"तोंड कुणाचं ते तुम्हाला माहीत," मामी म्हणाल्या. "बसणं ह्यांचंच आहे."

मग त्यांनी बोट दाखवून सांगितलं, की डावा खांदा हा असा उतरता, हा हात असा मुठीत काही धरल्यासारखा, आणि पाय जुळवून घेतलेले, दुसऱ्याला उभं राहायला जागा व्हावी म्हणून. "असं दुसरं कोणी बसत नाही. मी बघितलंय ना."

आणि ते खरंच होतं. डॉक्टरांच्या बोर्डानं अडवलं होतं ते फक्त तोंड. त्याच्याखालून जेवढे मामा दिसत, तेवढे सगळ्यांनी इमानेइतबारे काढले होते. दुकानदार चित्रापाशी गेले, मामांपाशी आले, आणि त्यांनी मान्य केलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मंडळानं तिथल्या तिथे सभा भरवली, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी होती : 'मानेच्या खाली लिफ्टमामा यांची नेमणूक कायम. मानेच्या वरची जागा तूर्त रिक्त. इच्छुकांनी चिटणिसांना भेटावे.' नळवाले अर्ज न करताच वॉशर घेऊन गेले होते.

पण ही दुसऱ्या दिवशीची गोष्ट. त्या संध्याकाळी दोघं घरी आली. मामींनी चहा ठेवला. मग खुर्चीवरची थप्पी उचलून पलंगावर टाकली, खुर्ची खिडकीशी मशीनसमोर ओढली आणि म्हणाल्या, "बसा."

मामांनी आधी खाली बाही नाही ना हे पाहिलं. मग बसले. डावा खांदा उतरला, पाय जुळले. हॉलवरच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

"मी बघतेय तोवर," मामी म्हणाल्या, आणि मशीनवरचा पाय काढून खरंच बघत राहिल्या.