मंगळावरचं पाणी

वैशाखातली दुपार. मी फरशीवर चटई टाकून पडलो आहे. कूलरची घरघर आधी कानात असते, मग पाठीत उतरते, मग दूर चढण चढणाऱ्या बससारखी वाटू लागते. अजून झोप लागलेली नाही, एवढं कळतंय. आणि स्वयंपाकघराच्या दारात कुमुद उभी आहे, हेही कळतंय.

कुमुद माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. मेहकरच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी तिथल्याच एसटी डेपोत मेकॅनिक होतो.

“अहो, उठा ना,” ती म्हणते. “आठवीचा तास आहे आणि मला उदाहरण सापडत नाहीये.”

हे नेहमीचंच. धडा अवघड असला की ती माझ्याकडे यायची. दाब शिकवायचा तर टायर, उष्णता शिकवायची तर रेडिएटर. मी उठतो, फडकं शोधतो, कारण माझ्या हातांना ग्रीस लागलेलं आहे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी.

“कसला धडा?”

“ग्रहावर जीव कशानं तगतो.”

दार ओलांडतो तर पुढे डेपोचं आवार. एकही बस नाही. माती विटकरी, आकाश फिकट गुलाबी. माझं पाऊल नको इतकं हलकं पडतंय.

“हा मंगळ,” कुमुद म्हणते, जणू मागच्या गल्लीत आणलंय. “इथं एके काळी नद्या वाहत होत्या. कुठे गेलं ते पाणी, सांगा.”

“सूर्यापासून लांब आहे. गोठलं असेल.”

“थोडं गोठलं. पुष्कळसं उडून गेलं. हा ग्रह लहान ना, आतून लवकर निवला. पोटातलं वितळलेलं लोखंड फिरत असतं तोवर ग्रहाभोवती चुंबकाचं कवच असतं. ते गेलं. मग सूर्याकडून येणाऱ्या झोतानं हवा हळूहळू खरवडून नेली. हवाच नाही म्हटल्यावर पाणी कशाच्या आधारानं राहील?”

मी गुडघे टेकतो आणि मातीला कान लावतो. बिघडलेलं इंजिन मी असंच ऐकायचो. आत काहीच चालू नाही.

“मग पोरांना सांग, पृथ्वीचं इंजिन अजून बंद पडलेलं नाही. आणि त्याचं बॉनेट आजवर कुणी उघडलेलं नाही.”

ती खळखळून हसते. हसताना तिचा एक दात खालच्या ओठावर टेकतो. हे मी विसरलो होतो. आठ महिन्यांत विसरलो!

“आणखी काय लागतं?” ती थांबू नये म्हणून मी विचारतो.

“बेताचं अंतर. शुक्र बघा, कसा भाजून निघालाय. हवा धरून ठेवायला अंगात पुरेसं वजन. आणि हे सगळं फार फार काळ टिकावं लागतं. जीव सावकाश रुजतो.” मग एकदम, “जेवलात का?”

“हो.”

“काय जेवलात?”

मी मातीत बोट फिरवत राहतो. मान वर करतो तर समोर लोणारचं सरोवर. उतरण कधी उतरलो ते आठवत नाही. बाभळीत मोर ओरडतोय. पाणी हिरवंगार आणि काठावर खाराची पांढरी साय.

शेवटच्या महिन्यात ती एकच मागत होती, एकदा लोणारला न्या. दर वर्षी आठवीची सहल ती इथंच आणायची. तासाभराचा रस्ता. डॉक्टरही नको म्हणाले नव्हते. मीच म्हणत राहिलो, आधी बरी हो, मग जाऊ. ती बरी होणार नाही हे मला ठाऊक होतं. तिला इथं आणायचं म्हणजे ते कबूल करायचं.

“कुमुद, मी तुला आणलं नाही.”

“नाही आणलंत.” खोटं तिला कधी जमलंच नाही. “मला फार वाईट वाटलं होतं.”

“मी घाबरलो होतो गं.”

“कळत होतं हो. माझा डोळा लागला असं समजून तुम्ही माझे पाय चोळत बसायचात, गार पडू नयेत म्हणून. मी जागी असायचे. म्हटलं, बोलले तर थांबाल.”

ती चपला काढते. मलाही काढायला लावते. काठाचा चिखल कोमट आहे, बोटांमधून वर येतो.

“या पाण्यात मासा जगत नाही, इतका खार आहे,” ती म्हणते. “तरी हिरवं कसं?”

“शेवाळ?”

“डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना हेच पाणी मानवतं.” ती माझं मनगट धरते. “तुम्हालाही मानवेल. मी नसणं.”

“नाही मानवणार.”

“आजच्या आज कुठे म्हणतेय मी?”

कुठेतरी घंटा वाजते. तिचा चेहरा लगेच शाळेतला होतो. “तास सुरू झाला. ते बॉनेटचं सांगते हं पोरांना.” आणि ती काठाकाठानं निघते, शाळेच्या व्हरांड्यातून चालायची तशीच, भरभर, जरा पुढे झुकून. मी हाक मारत नाही. वर्गात जाणाऱ्या बाईंना मागून हाक मारलेली तिला आवडायची नाही.

घंटा कुल्फीवाल्याची आहे. तो गल्लीतून पुढे जातो आणि मला पूर्ण जाग येते. घशाला कोरड पडली आहे. कितीतरी दिवसांनी अशी तहान लागली आहे. मी उठतो आणि माठातलं पाणी दोन पेले भरून उभ्यानंच पितो.

वळतो तर चटईपासून माठापर्यंत फरशीवर माझ्या अनवाणी पायांचे ठसे. पांढरे. मी खाली बसतो, एका ठशाला बोट लावतो आणि ते जिभेवर ठेवतो.

खारट. मागून किंचित कडसर.