घट सोडून बाकी घर मोकळं

माझ्या स्वतःच्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला चहा मिळाला, सुपारी मिळाली आणि वर एक कामही मिळालं.

घर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आधीच्या मालकांनी घर बँकेकडे गहाण टाकलं, कर्ज थकलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाच्या लिलावात ते मी घेतलं. शिक्क्याचं प्रमाणपत्र माझ्या हातात होतं. घरात मात्र अजून तेच राहत होते. इकडे आम्ही नवराबायको ज्या भाड्याच्या खोलीत होतो, तिच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं. खोली त्याला दिवाळीआधी हवी होती. नवा पलंग कुठे बसेल हे बघायला तो सकाळी सकाळी टेप घेऊन यायचा आणि आम्ही अजून गादीवर असतानाच मोजमाप घ्यायचा.

म्हणून मी चेहऱ्यावर जमेल तेवढा दरारा आणून जुन्या मालकांकडे गेलो. त्यांनी मला घर फिरवून दाखवलं.

"हे तुमचं स्वयंपाकघर, मालक. ही तुमची मोरी. अन् ही भिंत बघा, ओल आली. तुमचं घर हाय, तुमी लक्ष न्हाई दिलं तर कोण देणार?"

"तुम्ही जाणार कधी?"

"बिलकुल जाणार! पण आधी वरचे पत्रे बघून घ्या. पाणी आमच्या अंगावर पडून राह्यलंय."

मी पत्रे बदलून दिले. हसू नका, तुम्हीही दिले असते. त्यांचा आवाज असा होता, की शेजारून जाणाऱ्या माणसाला वाटावं, हा मालक किती निर्दयी आहे.

माझ्या वकिलांनी कपाळावर हात मारला. "त्यांच्याकडून काही घेतलं तर न्हाई ना? भाड्यापोटी काही घेतलंत, तर ते भाडेकरू म्हणून बसतील. मंग ही केस माझा नातू चालवंल."

"मोसंबी घेतली. पिशवीभर."

"परत करा!"

निम्मी खाऊन झाली होती. वकिलांनी बाजारातून मोसंबी आणवून पिशवी पुन्हा गच्च भरली आणि मला पाठवलं. जुन्या मालकांनी एक फोडून खाल्लं आणि म्हणाले, "आमच्या मळ्यातली इतकी आंबट नव्हती."

शेवटी कोर्टानं हुकूम काढला: बेलिफानं जाऊन खरेदीदाराला मोकळ्या घराचा कब्जा द्यावा. बेलिफ हा कोर्टाचा माणूस, त्यानं भल्या मनानं विचारलं, कधी येऊ? बायको म्हणाली, "अहो, घर काय रोज घेतो का आपण? घटस्थापनेच्या दिवशी घ्या, शुभ असतं." मला तिची हुशारी इतकी पटली, की मी तारीख स्वतःच्या तोंडानं सांगून आलो.

त्या दिवशी बेलिफ अनवाणी आला. नवरात्र म्हणून त्यानं चपला सोडल्या होत्या. आम्ही झटापटीच्या तयारीत होतो, पण झटापट झालीच नाही. जुने मालक स्वतःच हमालांना सांगत होते, "कपाट आडवं धरा, बराबर, आता वळवा." सामान त्यांच्या मेव्हण्याकडे रवाना झालं. मग ते देवघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

आत पत्रावळीवर काळी माती पसरलेली, मातीत धान्य पेरलेलं, मधोमध घट, वर तरवडाची माळ आणि शेजारी तेवणारी समई. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहाटेच घट बसवला होता. तो आता दसऱ्यापर्यंत जागचा हलत नाही आणि समई विझू देत नाहीत.

बेलिफानं टोपी काढली. "हे मी न्हाई हलवणार."

"मग कोण हलवणार?"

"तुमी हलवा की. मी पंचनाम्यात लिहितो, खरेदीदारानं स्वतःच्या हातानं घट हलवला."

सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली. त्यात माझी बायकोही होती, आणि मी कोण हे तिला ठाऊकच नसावं असा तिचा चेहरा होता.

"निदान घराला कुलूप तरी लावू," मी म्हणालो.

"अन् दिव्याला तेल कोण घालील?" वहिनी म्हणाल्या. "भाऊ, तुमच्या कुलपात दिवा इझला, तर ते बी तुमच्याच घरात इझल."

बेलिफानं लिहिलं: घट वगळता घर मोकळे. वकील लुनावरून आले, वाचलं आणि जागीच बसले. "वगळता लिहिलं की मोकळं कशाचं? आजच्या आज तुमचं सामान आत टाका. न्हाई तर दसऱ्याला घट उठंल, अन् माणसं तशीच बसतील."

संध्याकाळी आमचा हातगाडा आला. खोलीमालकानं आनंदानं मागून ढकलला. अशा रीतीनं मी माझ्या घरात राहायला गेलो, आणि जुने मालक सपत्नीक देवघरात राहिले. दिव्याजवळ घरच्याच माणसानं झोपायचं असतं म्हणे. त्यांचा उपास, चूल आमची. बायको भगर करायची आणि देवघरातून आवाज यायचा, "शेंगदाण्याचा कूट जरा सढळ हातानं घाला, ताई." मी रात्री बटण चाचपडत असलो की अंधारातून मार्गदर्शन मिळायचं, "डावीकडं, मालक. अजून डावीकडं."

माती हिरवी झाली. कोंब रोज वाढायचे, आणि ते बघून मी दसऱ्याला किती दिवस उरले ते मोजायचो. दसऱ्यानंतर हे गेले नाहीत तर? परत जायला आमच्याकडे ती खोलीही उरली नव्हती. तिथे पलंग बसला होता.

दसऱ्याला घट उठला. वहिनींनी कोंब उपटले, देवाला वाहिले, नवऱ्याच्या टोपीत खोवले आणि थोडे माझ्या कानावर अडकवले. दुपारी सीमोल्लंघनाला गावाची वेस ओलांडायला दोघं निघाली. हातात घट, समई आणि देवांचं गाठोडं होतं. गाठोड्याकडे बघत मी दारात उभा राहिलो. देव घेऊन निघालेत म्हणजे कायमचे, की वेशीवरून फिरवून परत आणणार?

दिवेलागणीला कडी वाजली. पायरीखाली जुने मालक उभे, हातात आपट्याची पानं. इतक्या महिन्यांत त्यांनी कधी कडी वाजवली नव्हती.

"सोनं द्यायला आल्तो," ते म्हणाले. "येऊ का आत?"

मी गडबडून दाराची दुसरी फळीही उघडली. बायकोनं मागून "या ना" म्हटलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, माझ्या हातावर पानं ठेवली, खांद्याला खांदा लावून भेटले आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या काठावर टेकले. चहा घेतला. देवघराकडे एकदाही बघितलं नाही. निघताना मात्र उंबऱ्यावर थांबले.

"कपाट त्या भिंतीला लावू नका, मालक. ओल येती, सांगितलं व्हतं."

ते वळणावरून दिसेनासे झाले, तसं आम्ही दोघांनी कपाट ओढून पुढे घेतलं.